आधी ताट, मग भेट

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मरोळ, चकाला, कोंडिविटा, अंबोली या अंधेरीच्या जुन्या गावठाणांतल्या कित्येक घरांत संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली जातात आणि घरातले झाडून सगळे काटे बाहेर निघतात. नाताळचे कुलकुल करायचे असतात. मैदा, थोडा रवा, अंडं, साखर आणि नारळाचं दूध घालून मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं असतं. त्यातली बोराएवढी गोळी घ्यायची, तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. काट्याच्या दात्यांच्या रेघा पाठीवर उमटलेला छोटा शिंपला तयार होतो. काही घरांत काट्याऐवजी यासाठीच वेगळा ठेवलेला कोरा कंगवा वापरतात, त्याच्या रेघा आणखी बारीक येतात.

हे काम एकट्यादुकट्यानं होत नाही. किलोभर पिठाचे कुलकुल शेकड्यांनी होतात आणि एकेक हातानं वळावा लागतो. म्हणून घरातले सगळे बसतात आणि सर्वांत आधी बसतात मुलं. चार वर्षांच्या मुलाचा कुलकुल जाडच होतो. तो तसाच तळला तर आतून कच्चा राहतो, हे आजीला ठाऊक असतं. ती तो उचलते, हलकेच पुन्हा दाबते, पुन्हा गुंडाळते आणि त्याच्याच ढिगात ठेवते. मुलाला आपला ढीग वाढताना दिसतो. तळण झालं, साखरेच्या पाकात घोळवणं झालं की ‘हे माझे’ असं सांगायला तो मोकळा असतो.

मुंबईच्या उपनगरांतला लहान मुलांचा नाताळ समजून घ्यायचा, तर सुरुवात रंगीत कागदात बांधलेल्या खोक्यांपासून करून चालत नाही. इथल्या सणात मूल घेणारं होण्याच्या कितीतरी आधी करणारं असतं. भेटवस्तू त्या मानानं अलीकडे आल्या. त्या कशा आल्या, कुठून आल्या आणि जुन्या रीतीशी त्यांनी कसं जमवून घेतलं, याची ही हकिगत आहे.

या गावठाणांतले मूळचे ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतरच्या काळात साष्टी बेटावरच्या, म्हणजे आजच्या वांद्र्यापासून भाईंदरच्या खाडीपर्यंतच्या अनेक शेतकरी, कोळी, भंडारी आणि इतर कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांशेजारी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १६व्या शतकाच्या मध्याला चर्च उभारलं. ते निष्कलंक गर्भसंभवाच्या माउलीचं चर्च, आणि त्याच्याच इंग्रजी नावावरून तिथल्या आय. सी. कॉलनीला नाव मिळालं. मरोळच्या हद्दीत जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या संत योहानाच्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड उभे आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले, पण या माणसांचा धर्म राहिला आणि त्यांची मराठीही राहिली. कित्येक घरांत आजही मराठीचीच बोली बोलली जाते. पुढे रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, तेव्हा गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथं नाताळ करणारे फक्त ईस्ट इंडियन नाहीत. गोवेकर आहेत, मंगळूरकर आहेत, केरळचे सीरियन ख्रिस्ती आहेत, अहमदनगर आणि मराठवाड्याकडून आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं आहेत. पण हा सण या मातीत सगळ्यांत आधी रुजवला तो गावठाणांनी, आणि त्याच्या रीती मराठी वाचकाला परक्या वाटू नयेत इतक्या जवळच्या आहेत.

फराळाचंच पाहा. दिवाळीला जसं करंजी-चकली-अनारशांचं ताट, तसं नाताळला कुसवाराचं. त्यात कुलकुल असतात, नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्यांची सख्खी बहीण. दूध आटवून त्यात काजूची पूड आणि साखर घालून साच्यात पाडलेल्या मिल्क क्रीमच्या वड्या असतात. खजुराचे रोल, मार्झिपान, पेरूचं चीज, रवा-नारळ-अंड्यांचं मिश्रण थाळीत भाजून केलेलं थाली स्वीट हेही असतं. या एका ताटात समुद्रापलीकडचा इतिहास मांडलेला आहे. पेरू आणि काजू ही दोन्ही झाडं दक्षिण अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांबरोबर आली. मार्झिपान युरोपात बदामाचं करतात. इथं बदाम महाग आणि काजू हाताशी, म्हणून मुंबई-गोव्यात ते काजूचं झालं. खजूर आखाताकडचा. आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं नारळाचं दूध घरामागच्या माडाचं.

मुलांना यातलं सर्वांत जास्त आवडतं ते मार्झिपान, आणि त्याचं कारण चव नसून साचे हे आहे. मासा, तारा, घंटा, द्राक्षांचा घोस असे छोटे साचे असतात. त्यात रंगवलेला गोळा दाबायचा आणि उलटा करून टिचकी मारायची. पेरूच्या चीजजवळ मात्र मुलांना फिरकू देत नाहीत. साखर घातलेला पेरूचा गर तासन्‌तास ढवळावा लागतो आणि घट्ट होत आला की त्याचे उकळते शिंतोडे उडतात. तो कढईच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात ओततात, थापतात, आणि मग चौकोनी तुकडे पाडताना कडेची वेडीवाकडी कापणं मुलांच्या वाट्याला येतात.

स्वयंपाकघराबाहेर दुसरं काम चालू असतं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हिरव्या कड्यात चार मेणबत्त्या रोवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘नाताळला अजून किती दिवस?’ याचं उत्तर आकड्यात कळत नाही, न पेटलेल्या मेणबत्त्या मोजून कळतं. याच सुमाराला पसरट भांड्यात माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. ज्यांच्या घरी नवरात्रात घट बसतात त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. उगवलेली हिरवी पात नाताळगोठ्यात कुरण म्हणून मांडायची असते. रोज पाणी घालणं हे मुलांचं काम, आणि पाणी जास्त घातलं तर पात पिवळी पडते हा धडाही त्यांचाच.

नाताळगोठ्याची रीत इटलीची. ग्रेच्चो नावाच्या गावात १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसनं जिवंत बैल आणि गाढव उभं करून येशूच्या जन्माचा देखावा मांडला. अक्षर न वाचता येणाऱ्या खेडुतांना ती रात्र डोळ्यांनी दिसावी, हा त्याचा हेतू होता. त्याच फ्रान्सिसच्या संघाचे धर्मगुरू तीनशे वर्षांनी साष्टीत आले. उपनगरांतले गोठे मात्र स्थानिक वस्तूंचे असतात. भाताचा पेंढा, पोत्याचं कापड, विटांची भुकटी, आरशाचा तुकडा तळं म्हणून. गावठाणाच्या नाक्यावर जुना क्रूस असतो. असे कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारले गेले. त्या क्रुसाजवळ वाडीतली पोरं सामायिक गोठा उभा करतात. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, गोठ्यांच्या स्पर्धा होतात, परीक्षक घरोघर फिरतात आणि आठवडाभर वाडीत दुसरा विषय नसतो.

घरच्या गोठ्यात मरिया असते, योसेफ असतो, मेंढपाळ आणि मेंढ्या असतात, पण गव्हाणी रिकामी असते. बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात राहते. कित्येक घरांत आणि शाळांत मुलांना एक काम दिलेलं असतं. काही चांगलं केलं की गवताची एक काडी त्या गव्हाणीत ठेवायची, म्हणजे बाळ येईल तेव्हा अंथरूण मऊ असेल. घरातली सर्वांत लहान मुलं दिवसाला पंधरा काड्या टाकतात आणि कुणी त्यांना अडवत नाही. वाट पाहण्याला काहीतरी करण्याची जोड दिली की चार आठवडे लहान मुलालाही पेलवतात. हे या घरांनी कुठल्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकाआधी ओळखलं होतं.

२४ तारखेच्या रात्री चर्चची सामूहिक प्रार्थना, म्हणजे मिस्सा. पूर्वी ती मध्यरात्रीलाच असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मर्यादा घातल्या, तेव्हापासून मैदानात मांडव घालून मिस्सा करणाऱ्या अनेक चर्चनी ती संध्याकाळी लवकर सुरू केली. जुन्या माणसांना याची हळहळ वाटते. लहान मुलांच्या आयांना मात्र हे सोयीचं झालं, कारण नवे बूट घातलेलं, पेंगुळलेलं मूल मांडीवर घेऊन बारा वाजेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणं सोपं नव्हतं. घरी परतल्यावर कपाटातलं बाळ निघतं आणि घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हातानं गव्हाणीत ठेवलं जातं. मग केक कापतात, मोठ्यांसाठी घरी मुरवलेली द्राक्षांची वाइन निघते आणि भेटवस्तूंचा विषय सुरू होतो.

भेटवस्तू आणतो कोण, याचं उत्तर जगभर एक नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावात निकोलस नावाचा बिशप होऊन गेला. तीन गरीब बहिणींच्या घरात त्यानं रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्याची कथा सांगतात. डच लोक त्याच्या सणाला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुलांना खाऊ देत. ती प्रथा अमेरिकेत गेली. तिथं थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त काढलेल्या चित्रांनी बिशपचा ढेरपोट्या, दाढीवाला, हसरा सांताक्लॉज केला. स्पेनमध्ये भेटी आणतात ते बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, तेही ६ जानेवारीला. पोर्तुगालमध्ये भेट आणणारा पिढ्यानपिढ्या खुद्द बाळ येशूच होता. साष्टीला धर्म पोर्तुगीजांकडून आला आणि सांता पुढे इंग्रजांच्या अमदानीत, त्यांच्या शाळा, मासिकं आणि भेटकार्डांबरोबर. नाताळवृक्षाचंही तसंच. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र छापलं, आणि जर्मनांची ही रीत इंग्रजांची होऊन त्यांच्या साम्राज्यभर गेली. गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर सूचिपर्णी झाडं कुठली असायला? तिथं सुरूच्या फांद्या कामाला आल्या. कुंडीत रोवलेली सुरूची फांदी, तिच्यावर बर्फ म्हणून कापसाचे पुंजके. बाजारात घडीचं प्लास्टिकचं झाड येईपर्यंत उपनगरांतला नाताळवृक्ष बहुतेक असाच होता.

वृक्षाखाली फार काही नसे. जुन्या पिढीला विचारलं तर नाताळची भेट म्हणजे नवा कपडा. एकाच ताग्यातून भावंडांना शर्ट आणि फ्रॉक शिवले जात, आणि ते मिस्सेच्या आधी घालायला मिळत नसत. खेळणं मिळालंच तर एक, आणि तेही वाटून घ्यायचं. कागदात बांधलेल्या अनेक खोक्यांचा ढीग ही घराघरांतली गोष्ट अलीकडच्या काही दशकांतली. परदेशी, विशेषतः आखातात नोकरीला गेलेल्या वडिलांच्या बॅगा, मग खेळण्यांची मोठी दुकानं, मग मॉल आणि आता घरपोच येणारी खोकी, अशी ती वाढत गेली.

तो कागदही फार जुना नाही. अमेरिकेत पूर्वी भेटी साध्या पातळ टिश्यू कागदात गुंडाळत. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला तो कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा नक्षीदार कागद काउंटरवर ठेवला आणि तो हातोहात गेला. पुढे हॉलमार्क म्हणून गाजलेल्या या कंपनीनं तिथून नक्षीदार कागदाचा धंदाच उभा केला. त्या कागदाबद्दल एक अभ्यास मोठा उद्बोधक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या नेव्हाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एकसारख्या भेटी दिल्या, काही नीटनेटक्या बांधून आणि काही गबाळ्या. गबाळी बांधलेली भेट लोकांना जास्त आवडली. छान बांधणीनं अपेक्षा वाढतात आणि आतली वस्तू तिला पुरी पडत नाही. हा परिणाम मित्रांमधल्या भेटीत दिसला. जेमतेम ओळखीच्या माणसाकडून आलेल्या भेटीत उलट नीट बांधणीच भावली. तेव्हा घरच्या पोरांच्या खोक्यांवर रात्री दोन वाजेपर्यंत चिकटपट्टी लावत बसणाऱ्या आईबापांनी झोपायला हरकत नाही.

खोकी उघडण्याची वेळ घरागणिक वेगळी. कुठं मिस्सेहून आल्याबरोबर, कुठं २५ च्या सकाळी. पण सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं की एकेकानं, यावर सकाळचा सगळा रंग ठरतो. ज्या घरात मुलं लहान आहेत, तिथं एक साधी रीत चांगली चालते. वाचता येऊ लागलेलं मूल चिठ्ठीवरचं नाव वाचतं, त्याहून धाकटं ते खोकं ज्याचं त्याला नेऊन देतं, आणि ते उघडून होईपर्यंत बाकीचे पाहतात. दीड वर्षाचं बाळ या गडबडीत पहिल्या खोक्याच्या कागदाशीच अडकतं. तो फाटताना आवाज करतो, चुरगळतो, डोक्यावर घेता येतो. आतली गाडी बाजूला पडते. मोठे त्याला पुढच्या खोक्याकडे ओढू लागतात आणि तिथंच रडारड सुरू होते. त्याला कागदाबरोबर राहू द्यावं. उरलेली खोकी दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीही उघडता येतात. नाताळ काही एका सकाळीत संपत नाही.

अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथं सांगण्याजोगा आहे. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळण्यांसह आणि एकदा १६ खेळण्यांसह खेळायला सोडलं. खेळणी ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. १६ असताना ती एकीकडून दुसरीकडे उडत राहिली. चार मावश्या, तीन काका आणि दोन आज्यांचं प्रेम ज्या मुलावर एकाच सकाळी कोसळतं, त्याच्या घरच्यांनी अर्धी खोकी कपाटावर ठेवून महिन्याला एक काढली, तर त्यात कंजूषपणा नाही.

मग येतो सांताचा प्रश्न. तो खरा आहे का? १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकाला व्हर्जिनिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं हेच विचारणारं पत्र लिहिलं होतं. फ्रान्सिस चर्च या संपादकीय लेखकानं त्याचं उत्तर अग्रलेखात दिलं आणि ते इंग्रजी पत्रकारितेतलं सर्वाधिक वेळा पुन्हा छापलेलं संपादकीय ठरलं. अंधेरी-बोरिवलीतली मुलंही सहा-सात वर्षांची झाली की हिशेब करू लागतात. आपल्या सदनिकेला धुराडं नाही, खिडकीला लोखंडी जाळी आहे, खाली वॉचमन आहे. हा आला कुठून? आईबापांना धास्ती वाटते की सत्य कळलं की मूल दुखावेल, आपल्याला खोटं ठरवेल. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या अँडरसन आणि प्रेंटिस या संशोधकांनी ज्यांचा सांतावरचा विश्वास उडाला होता अशा ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना ते साधारण सातव्या वर्षी, बहुधा आपलं आपणच कळलं होतं आणि एकंदरीत त्यांनी ते मजेनं घेतलं होतं. वाईट वाटलं होतं ते पालकांना.

गावठाणांत या प्रश्नाची धार तशीही बोथट असते, कारण इथला सांता सगळ्यांच्या देखत येतो. नाताळच्या दिवसांत वाडीचा किंवा क्लबचा ‘ख्रिसमस ट्री’ असतो. हा झाडाचा नव्हे, कार्यक्रमाचा उल्लेख. पताका, पोत्यांच्या शर्यती, संगीतखुर्ची, आणि शेवटी सांता. कुठं तो रिक्षातून उतरतो, कुठं उघड्या जीपमधून. पोटाशी उशी बांधलेली, दाढी कापसाची, आणि डिसेंबरातही मुंबईची हवा उबदार, त्यामुळे घामानं निथळलेला. पालकांनी आदल्या दिवशी नाव लिहून गुपचूप पोहोचवलेली पाकिटं त्याच्या पोत्यात असतात. एकेक नाव पुकारलं जातं. दोन वर्षांची मुलं त्याला पाहून भोकाड पसरतात, आठ वर्षांची त्याच्या चपला पाहून ‘हा तर आपला अमका काका’ हे ओळखतात आणि धाकट्यांना सांगत नाहीत. काही वर्षांनी त्याच मुलांपैकी एखाद्याच्या अंगावर तो लाल झगा चढतो.

पण उपनगरांतल्या नाताळचं खरं सामर्थ्य या पोत्यात नसून शेजाऱ्याकडे जाणाऱ्या ताटात आहे. कुसवाराची ताटं भरतात, वर क्रोशाचा रुमाल टाकतात, आणि ती घरोघर जातात. गोव्यात या देवाणघेवाणीला कोंसुआद म्हणतात. ताट घेऊन जातात मुलं. दारावर थाप मारायची, ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणायचं, ताट द्यायचं. दिवाळीत ज्या घरातून फराळाचा डबा आला होता, ते घर यादीत पहिलं. समोरच्या मराठी घरातल्या काकू ताट रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतातच. ईदच्या दिवशी शीरखुर्मा पाठवणाऱ्या घराचंही तसंच. ज्या घरात अंडं चालत नाही तिथं काय पाठवायचं, हे मुलांना तोंडपाठ असतं, कारण नेणारी तीच असतात. तिथं पेरूचं चीज आणि मिल्क क्रीम जातं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लारा अकनिन, कायली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या ताटाला जाऊन भिडतो. मुलांना खाऊ दिला, मग तो एका बाहुल्याला द्यायला सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद निरीक्षकांकडून मोजून घेतला. स्वतःला खाऊ मिळाला त्यापेक्षा तो दुसऱ्याला देताना मुलं जास्त खूश दिसली. आणि संशोधकांनी पुरवलेला खाऊ देताना झाला त्याहून अधिक आनंद स्वतःच्या वाट्याचा खाऊ देताना झाला. कुलकुलाच्या ढिगातले ‘माझे’ म्हणून वेगळे ठेवलेले पाच-सहा ताटात घालून शेजारी नेणारं मूल नेमकं हेच करत असतं.

ही रीत आज ओढाताणीत आहे. बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, दोन्ही पालक नोकरीवर, आणि डिसेंबरची सुट्टी मुलांना असते, त्यांना नसते. कुसवार आता आय. सी. कॉलनीतल्या, मरोळमधल्या घरगुती बायकांकडून मागवलं जातं. त्यात वाईट काही नाही. या बायकांच्या हातांमुळे मिल्क क्रीम आणि थाली स्वीट टिकून राहिलं आहे, आणि कित्येकींचा वर्षाचा मोठा धंदा याच महिन्यात होतो. मात्र सगळंच विकत आलं की मुलांच्या हाताला काम उरत नाही, आणि मग सणात त्यांच्यासाठी उरतं ते फक्त खोकं.

मुलुंड-घाटकोपरकडे उलट दिशेनं एक गोष्ट घडते आहे. इथं गावठाणातल्या नाताळाशी संबंध नसलेली कितीतरी मराठी आणि गुजराती घरं शाळा आणि मॉल यांच्या वाटेनं नाताळाकडे आली. सोसायटीत सिक्रेट सांता होतो, चिठ्ठ्या टाकून नावं निघतात, दोनशे रुपयांची मर्यादा ठरते. मुलं सांताला पत्र लिहितात आणि आईबाप ते वाचून खरेदीला पळतात. काहीजणांना हे अनुकरण वाटतं. तसं वाटायचं कारण नाही. मुलांचा आनंद कुणाच्या मालकीचा नसतो. फक्त या घरांपर्यंत नाताळचं पोतं पोहोचलं आणि ताट वाटेतच राहिलं, एवढं खरं.

सण लगेच आवरतही नाही. नाताळनंतरच्या आठवड्यात मुलं पुन्हा कामाला लागतात. जुने कपडे, पेंढा, कागद भरून म्हातारा तयार करायचा, त्याला टोपी घालायची, रस्त्याच्या कडेला बसवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून त्याच्या नावानं पैसे गोळा करायचे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सरत्या वर्षाचा हा म्हातारा जाळतात. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईत तर चर्चच तीन राजांच्या नावाचं आहे. सोनं, धूप आणि गंधरस घेऊन बाळाला भेटायला आलेल्या त्या राजांचा सण जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास होतो, आणि तोवर घरोघरच्या गोठ्यातले तिन्ही राजे रोज थोडे थोडे पुढे सरकवत गव्हाणीपाशी आणायचे, हेही काही घरांत मुलांवर सोपवलेलं असतं.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे, मग घर ख्रिस्ती असो की नसो, त्यांनी येत्या डिसेंबरात एक संध्याकाळ काढून पाहावी. किलोभर नको, पाव किलो मैदा पुरे. काटे घरात असतातच. जाड झालेले कुलकुल मंद आचेवर जास्त वेळ तळा. आणि ताट मात्र मुलाच्याच हातात द्या. त्याला झेपेल इतकंच भरा, आणि आधी त्याच मजल्यावरच्या दारी पाठवा.